मामांचा टाय आणि नाक्यावरचा पानवाला

आमचे मामा रविवारी टाय लावून महालक्ष्मीला रेसला जायचे. हरून आले तरी त्यांना कोणी जुगारी म्हणत नसे. नाक्यावरचा पानवाला मात्र क्रिकेटवर बेटिंग घेतो म्हणून दोनदा आत जाऊन आला. मला वाटायचं, टायमुळे असेल! पुढे कळलं की कायदाच तसा आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातून परवान्याच्या रेसकोर्सवरची पैज वगळलेली आहे.

हा भेद साहेबाच्या देशातही होता. इंग्लंडात १९०६ मध्ये रस्त्यावर पैज घेणं गुन्हा ठरलं. रेसकोर्सवर जाऊन, किंवा बुकीकडे खातं उघडून उधारीवर पैज लावायला हरकत नव्हती. आता खातं कोणाचं उघडणार? गिरणी कामगाराचं नक्कीच नाही. त्याच्यासाठी 'रनर' असायचे, कारखान्याच्या दारात नि पबमध्ये चिठ्ठ्या आणि चिल्लर गोळा करणारे. कित्येकदा पोलिसांशी आधी ठरवून अटक व्हायची, दंड बुकी भरायचा. ओळखीचं वाटतंय ना?

१९६० मध्ये कायदा बदलला आणि १ मे १९६१ पासून पैजेची दुकानं उघडली. योग्यच झालं. गंमत म्हणजे ती मुद्दाम रूक्ष ठेवली होती. बाहेरून आतलं दिसायचं नाही, टीव्ही नाही, चहा नाही. पैज लावा आणि चालू लागा. ज्याला लावायचीच आहे त्याला अडवायचं नाही, पण कोणाला बोलवायचंही नाही, असा हिशोब. १९८६ मध्ये टीव्ही नि चहा आत आले. २००५ च्या कायद्याने टीव्हीवरच्या जाहिरातींचा रस्ता मोकळा केला. फुटबॉलच्या शर्टांवरही बेटिंग कंपन्यांची नावं झळकली. ती छातीवरून काढायचं प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं २०२३ मध्ये, तेही २०२५-२६ चा हंगाम संपल्यावर.

लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरचं बेटिंग कायदेशीर करा म्हटलं तेव्हा मी हिरिरीने त्या बाजूने भांडलो होतो. २०२५ मध्ये संसदेने उलट पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. परवा भाच्याला म्हटलं, बंदीने पानवालाच आत जातो रे, दुकानं उघडू द्यावीत, पण १९६१ सालची.

तो म्हणाला, "मामा, फोनला काळी काच कुठून लावणार?"

मला काही सुचलं नाही.