ट्रॅक्टर शेडमध्ये, उंदीर बोनेटमध्ये! हिवाळ्यात उभ्या गाड्यांची काळजी कशी घ्याल?

एरंडोल : कपाशीची वेचणी संपत आली, मका निघाला, रब्बीची पेरणी झाली की ट्रॅक्टरला थोडी उसंत मिळते. मळणी यंत्र तर थेट गहू-हरभरा निघेपर्यंत शेडमध्येच उभं. सुरत-पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाची चारचाकी दिवाळीनंतर ओसरीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये चावी फिरवली की काहीच होत नाही. स्टार्टर गप्प, दिवे बंद. बोनेट उघडावं तर आत कापसाचं घरटं आणि तुटलेल्या वायरी.

एरंडोल, धरणगाव, पारोळा पट्ट्यात गॅरेजवाल्यांना हे काम नवं नाही. वायरिंगचा पूर्ण संच बदलायचा म्हटला तर खर्च हजारांत जातो, आणि ऐन मळणीच्या तोंडावर मेकॅनिकची वाट पाहावी लागते ती वेगळीच. पण खर्चापेक्षा मोठा धोका आगीचा आहे. ज्या शेडमध्ये ट्रॅक्टर असतो, तिथेच किंवा भिंतीपलीकडे भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस असतो. उघड्या पडलेल्या तारेची एक ठिणगी पुरते.

हिवाळ्यातच का?

शेतातलं पीक निघालं की उंदराचं खाणं आणि आडोसा दोन्ही जातं. पऱ्हाटी उपटली की बांधावरचा, बिळातला उंदीर गावाकडे सरकतो. खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे त्याला कोरडी, उबदार, कोणी न हलवणारी जागा हवी असते. बंद शेडमधलं इंजिन म्हणजे नेमकी तशीच जागा. कुत्रं-मांजर आत पोचत नाही, वारा लागत नाही, आणि बिछान्याला कापूस शेजारीच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. सरपणासाठी पऱ्हाट्यांचा ढीग नेमका शेडच्या भिंतीला लावून ठेवला जातो. त्याखाली उंदीर राहतो आणि तिथूनच रात्री आत जातो. बाजूला सरकी, ढेप, मक्याची कणसं. राहणं, खाणं, बाळंतपण सगळं पन्नास फुटांत!

उंदीर वायर खातो हे अर्धवट खरं आहे. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून काहीतरी सतत कुरतडावंच लागतं. वायरीवरचं प्लास्टिक, रबरी नळ्या, पट्टे, सीटचा फोम हे सगळं त्याच्या दाताला सोपं. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा किंवा जास्त पिल्लं होतात, आणि ती पिल्लंही दोन-तीन महिन्यांत वीण घालायला तयार होतात. दिवाळीनंतर आत गेलेली एक जोडी होळीपर्यंत किती होईल याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. लांब तोंडाची, चिकचिक आवाज करणारी, वास मारणारी चिचुंद्री ही उंदीर नाही. ती मुख्यतः किडे-झुरळं खाते. वायरी तोडणारे बहुतेक वेळा घरउंदीर आणि लहान उंदीर असतात. घूस जमीन पोखरते, शेडचा पाया आणि फरशी खिळखिळी करते.

गाडीत नेमका कुठे बसतो?

ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात आधी बघायची जागा म्हणजे एअर फिल्टर. हवा ओढणारा पाइप उघडा असतो, त्यातून लहान उंदीर आत जातो आणि फिल्टरच्या डब्यात घरटं करतो. कागदी फिल्टर फाटला आणि तसंच इंजिन चालू केलं तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. वायरीचा खर्च परवडला, इंजिनचा परवडत नाही. त्यानंतर डॅशबोर्डखालची वायरिंग, बॅटरीचा डबा, सीटखालची पोकळी आणि सायलेन्सरचं तोंड.

मळणी यंत्राचं दुखणं वेगळं. हंगाम संपला की यंत्र वरवर झाडून ठेवतात, पण ड्रममध्ये, चाळणीखाली, पंख्याच्या कोपऱ्यात मूठ-दोन मूठ दाणे राहतातच. उंदराला तेवढे बास. दाणे संपले की तो पट्ट्यांकडे वळतो.

चारचाकीत बोनेटच्या आतल्या बाजूला लावलेला गादीसारखा थर, एसीच्या ब्लोअरची जागा, स्टेपनीचा खड्डा, मागच्या सीटखालचा भाग या लपायच्या जागा. एसी सुरू केल्यावर कुबट वास आला तर ब्लोअर उघडून पाहावा. पेट्रोलचा वास आला तर मात्र गाडी सुरूच करू नये. नळी कुरतडलेली असू शकते.

उभी करण्याआधी

पहिलं काम झाडझूड. मळणी यंत्र रिकामं फिरवून दाणे झटकावेत, मग झाकणं उघडून हवेच्या नळीने किंवा कुंच्याने कोपरे साफ करावेत. पट्टे काढून तारेला उंच टांगावेत. ट्रॅक्टरच्या पेटीत राहिलेली भाकरी-चटणीची पिशवी, शेंगदाणे, बियाण्याची उरलेली पुडी काढावी. गाडीत बिस्किटाचा चुरासुद्धा नको.

एअर फिल्टरचं तोंड आणि सायलेन्सर बारीक लोखंडी जाळीने किंवा पत्र्याच्या डब्याने झाकावा. नुसता कापडाचा बोळा कोंबू नये, तो उंदीर बिछान्याला नेतो. जे काही झाकलं असेल त्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून ठेवावी, नाहीतर घाईत तसंच इंजिन चालू होतं. महिनाभराहून जास्त उभं राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. बॅटरी उतरत नाही, आणि वायर कुरतडली गेली तरी ठिणगीची भीती राहत नाही.

यानंतरचा उपाय फुकटचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहायचं, गाडी थोडी पुढे-मागे हलवायची. उंदराला न हलणारी जागा आवडते. दिवसा बोनेट उघडं ठेवून उजेड पडू दिला तर तो सहसा घरटं करत नाही. बंद करण्याआधी आत मांजर तर बसलं नाही ना, एवढं बघावं. साप असण्याचीही शक्यता असते, कारण उंदरामागे धामण येते, तसे नाग आणि घोणसही येतात. अंधारात थेट हात घालू नये. आधी बोनेटवर थापटावं, मग टॉर्च.

शेडचं सांगायचं तर पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीपासून लांब न्यावा. कापूस आणि ट्रॅक्टर एका खोलीत ठेवूच नये. नाइलाज असेल तर कापूस भिंतीपासून दोन हात सोडून रचावा, म्हणजे मागे काय चाललंय ते दिसतं. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं, मोठ्याला अर्धा इंच. भोकात भांडी घासायची तारेची घासणी ठासून वरून सिमेंट भरावं. नुसती माती किंवा थर्माकोल तो एका रात्रीत उकरतो. दाराखाली फट असेल तर पत्र्याची पट्टी ठोकावी.

डांबर गोळ्या, तंबाखू, आवाजाचं यंत्र

डांबर गोळ्या, तंबाखूची पानं, पुदिन्याचा अर्क यांचा वास काही दिवस टिकतो. मोकळ्या शेडमध्ये तर वाऱ्याने लगेच जातो. लहान मुलं डांबर गोळी गोड गोळी समजून तोंडात घालतात, हे लक्षात असू द्यावं. इंजिनजवळ रॉकेल किंवा डिझेल शिंपडणं म्हणजे उंदरासाठी स्वतःच आग लावायची तयारी करणं. आवाज सोडणारी छोटी यंत्रं ऑनलाइन भरपूर विकली जातात, पण उंदीर त्या आवाजाला थोड्या दिवसांत सरावतो. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 2001 मध्येच अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांचा पुरावा द्या, असं बजावलं होतं.

जुना पिंजरा अजूनही चांगला. तो खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिंजरा उघडाच ठेवून आत भजं किंवा तेल लावलेली भाकरी द्यावी. सवय झाली की लावावा.

पद्मालयाच्या गणपतीला हात जोडणाऱ्या तालुक्यात उंदीर मारायला काही जणांचं मन धजत नाही. त्यांच्यासाठीही भोकं बुजवणं आणि सफाई हाच मार्ग. पकडून शेजारच्या शेतात सोडलेला उंदीर तुमच्याकडे नाही तर शेजाऱ्याकडे जाणार, मग तंटा ठरलेला.

विषाचा नाद सांभाळून

गाडीच्या आत विष ठेवणं ही सर्वांत वाईट कल्पना. उंदीर विष खाऊन ब्लोअरमध्ये किंवा सीटखाली मरतो आणि वास महिनाभर जात नाही.

बाजारात मिळणारी विषं सारखी नाहीत. झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी पोटात गेली की विषारी वायू तयार होतो. तिला उतारा नाही. एकदा आजारी पडून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणून आधी दोन-तीन दिवस साधं, बिनविषारी आमिष द्यायची पद्धत आहे. ते काम शेतातल्या बिळांसाठी, तेही कृषी सहायकाच्या सल्ल्याने. ब्रोमाडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत, उंदीर काही दिवसांनी मरतो. त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. शेडमध्ये वापरायचीच असेल तर वडी झाकणाच्या पेटीत, मुलं-कोंबड्या-कुत्रं पोचणार नाही अशी ठेवावी. मेलेला उंदीर खाऊन मांजर आणि घुबडही मरतं, आणि घुबड तर रात्रभर आपलंच काम करत असतं. धान्यात टाकायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये कधीच वापरू नयेत. त्यांचा वायू भिंतीच्या फटीतून झोपलेल्या माणसांपर्यंत जातो.

पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट सगळ्यात फसवी. भाकरीला लावून ठेवलेली पेस्ट मुलाने खाल्ली तर पहिला दिवस-दोन दिवस तो बरा दिसू शकतो, नंतर यकृत निकामी होतं. त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी थांबू नये. कुठलंही उंदराचं विष पोटात गेलं तर दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नये, ओकारी काढू नये. 108 ला फोन करावा, विषाचा कागद किंवा ट्यूब सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जावं.

साफ करताना

घरटं सापडलं की पहिला हात झाडूकडे जातो. कोरडी लेंडी झाडली की धूळ नाकात जाते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात पर्यटकांच्या दुहेरी भिंतींच्या तंबूंमध्ये, दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत उंदरांनी घरं केली होती. त्या वर्षी उद्यानात राहिलेल्यांपैकी दहा जणांना हंताविषाणूची लागण झाली, तिघे दगावले. म्हणूनच तिकडे हिवाळाभर उभी राहिलेली चाकावरची घरं उघडताना लोक आधी दारं-खिडक्या उघडून वारा खेळू देतात, मग आत जातात. तो विषाणू पसरवणारा उंदीर तिकडचा, आपल्याकडे मोठी भीती लेप्टोची. उंदराच्या मुताने ओली झालेली जागा आणि हातापायाची जखम एवढं पुरे. आणि 1994 मध्ये सुरतेत प्लेगच्या धास्तीने माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे कशी निघाली, हे खान्देशातल्या अनेक घरांना अजून आठवत असेल.

तेव्हा शेडचं दार अर्धा तास उघडं ठेवावं. रबरी हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून घरट्यावर ब्लिचिंगचं पाणी शिंपडावं, पाच-दहा मिनिटं भिजू द्यावं आणि ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बांधून पुरावं. वायरीवर मात्र पाणी मारू नये. त्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. नंतर साबणाने हात. पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना उंदराचं घरटं साफ केल्याचं आवर्जून सांगावं.

नुकसान झालंच असेल तर

बॅटरी जोडून चावी फिरवण्याआधी वायरी टॉर्चने तपासाव्यात, एअर फिल्टर उघडावा, झाकलेलं सगळं काढावं. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळून काम भागवू नये, विशेषतः स्टार्टरच्या जाड वायरीला. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी उंदराने केलेलं नुकसान त्यात येतं का, हे पॉलिसी घेतानाच एजंटकडून लिहून घ्यावं. दावा करायचा असेल तर काही हलवण्याआधी घरट्यासकट मोबाइलवर फोटो काढावेत, कंपनीला कळवावं आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. तुटलेल्या वायरीचे तुकडे फेकू नयेत, पिशवीत भरून ठेवावेत.