घोळाण्यात मका आला तो गोठ्याच्या वाटेनं

धाराशिव जिल्ह्यात कच्ची भाजी खाण्याचं कुणाला नवल वाटत नाही. कोवळी मेथी, करडईचा पाला किंवा कांद्याची पात विळीवर बारीक चिरायची, मीठ, तिखट, शेंगदाण्याचं कूट आणि वरून करडईचं कच्चं तेल घालून हातानं कालवायचं, की झाला घोळाणा. सोबत ज्वारीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. चूल पेटते ती फक्त भाकरीसाठी.

या ताटात जुनं किती आणि नवं किती, हे पाहायला तेरपासून सुरुवात करावी. याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. पण रोमपर्यंत व्यापार पोचलेल्या त्या तगरात कुणी मिरची चाखली नव्हती. शेंगदाणा, टोमॅटो आणि मकाही नाही. ही सारी पिकं अमेरिकेची. 1492 नंतर ती तिथून बाहेर पडली आणि आपल्याकडे येण्याचं एक मोठं दार होतं पोर्तुगीजांचा गोवा.

मिरची घराघरात गेली, पुढे भुईमूगही रुजला. मका मात्र इथं मागेच राहिला, आणि त्याला सबळ कारण होतं. इथली रब्बी ज्वारी पाऊस सरल्यावर पेरतात आणि काळ्या रानात साठलेल्या ओलीवर ती पिकते. मक्याला तुरा येताना पाण्याचा ताण पडला, तर कणसात दाणे भरत नाहीत. शिवाय ज्वारी घराला धान्य आणि बैलांना कडबा देते, थंडीत हुरडाही देते. कोवळ्या दाण्याची हौस हुरड्यावर भागत असताना मक्यासाठी रान कोण अडवणार?

मग 1972 चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळू लागली. म्हाताऱ्या माणसांना तिची आठवण आजही नकोशी वाटते. दुष्काळी कामांवर लोकांनी खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले. पुढे विहिरी आणि बोअर वाढले, तशी दुभती जनावरंही वाढली. भूम तालुक्यात, कुंथलगिरीच्या परिसरात तर खव्याच्या भट्ट्यांना रोज दूध लागतं. दुभत्या गुरांना उन्हाळ्यात हिरवी वैरण हवी, म्हणून विहिरीच्या कडेला मका पेरला जातो. 'आफ्रिकन टॉल' हा वाण त्यासाठीच प्रसिद्ध आहे. वैरण कापायच्या सुमारास कणसं दुधावर आली असली, की गुरांसाठी पेरलेला मका माणसांच्या ताटातही येतो.

आणि तो येतो वेळेवर. उन्हाळ्यात मेथी लवकर निबर होते, पालेभाजीचा घोळाणा अडतो. तेव्हा काकडी, कांदा आणि कैरी पुढे होतात आणि त्यांना मक्याचा गोडवा शोभतो. दाणा नखानं दाबल्यावर दूध उडायला हवं. कणीस तोडल्यावर त्यातल्या साखरेचा भराभर स्टार्च होतो, म्हणून दाणे त्याच दिवशी सोलून वाफवून घ्यावेत. निवाले की त्यात काकडी आणि कांदा चिरून, थोडी कैरी किसून, हिरवी मिरची, कूट आणि करडईचं तेल घालावं. मीठ अगदी वाढताना टाकावं. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि कुटाचा लगदा होतो.