प्लेगची आठवण आणि 1918 ची मानमोडी : मुंबई इलाख्यातील साथ, उपचार व लोकव्यवहार

प्रस्तावना :
पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीने सर्वाधिक बळी घेतले ते भारतात. आय. डी. मिल्स यांनी 1986 मध्ये हा आकडा 1 कोटी 70 लाख ते 1 कोटी 80 लाख असा मांडला. नंतरच्या काही अभ्यासकांनी तो यापेक्षा कमी धरला आहे. भारतीय जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले 1911 ते 1921 हे एकमेव दशक होय, आणि त्या घटीचे प्रमुख कारण ही साथ होती. असे असूनही महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात 1897 च्या प्लेगला जे स्थान मिळाले, ते ‘मानमोडी’ अथवा ‘युद्धज्वर’ या नावांनी लोकांच्या स्मरणात राहिलेल्या या साथीला लाभले नाही. रँडच्या वधामुळे प्लेग राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाचा भाग बनला. मानमोडीला असा कोणी रँड मिळाला नाही. तो का मिळाला नाही, याचा शोध घेतला असता या दोन साथींमधील संबंध ध्यानात येतो.

प्लेगचा धडा :
सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा संमत झाला व सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार प्राप्त झाले. घरझडती, रुग्णांची सक्तीने रवानगी, स्त्रियांची रेल्वे स्थानकावरील तपासणी यांमुळे लोकांना रोगापेक्षा उपायांचे भय अधिक वाटू लागले. मुंबईतील गिरणी कामगारांनी ऑक्टोबर 1896 मध्येच आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली. मार्च 1898 मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. यानंतर सरकारने सक्ती टप्प्याटप्प्याने सैल केली आणि निरनिराळ्या जाती-जमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये चालविण्यास वाव दिला. याच प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी निधन झाले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे; परंतु सरकारी छावण्यांबाहेरील शुश्रूषेच्या परंपरेचा इतिहास म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

साथीचे स्वरूप :
जून 1918 मध्ये मुंबईत पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. त्यांच्यापैकी एक जण गोदीवर नेमणुकीस होता. त्यानंतर गोदी, कचेऱ्या व गिरण्यांतून ताप पसरत गेला. रोग जहाजाने आणला की जहाजावरील लोकांना तो मुंबईत जडला, याविषयी नगरपालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर व सरकार यांच्यात एकमत नव्हते. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र भीषण ठरली व 6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदविले गेले. रेल्वेमार्गांनी ती अंतर्भागात पोहोचली. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांना तिची विशेष झळ बसली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, युद्धामुळे धान्य महागले होते आणि अर्धपोटी माणसे तापाला सामोरी जात होती. (गांधीजींच्या 1918 मधील आजाराला अनेकदा इन्फ्लुएंझा म्हटले जाते, त्यांनी स्वतः आत्मचरित्रात वर्णन केलेला आजार आमांशाचा आहे.)

रोग सर्वांना सारखाच गाठतो, हा समज मुंबईच्या आकडेवारीपुढे टिकत नाही. तत्कालीन सरकारी वर्गवारीतील ‘कनिष्ठ जातीच्या हिंदूं’मध्ये दर हजारी मृत्युप्रमाण 61.6 होते. इतर हिंदूंमध्ये ते 18.9, मुसलमानांत 19.2, पारशांत 9.0, तर युरोपियनांत 8.3 होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच साथीत, मृत्यूची शक्यता सातपटींहून अधिक बदलत होती. ही तफावत वर्गवारीच्या नावाप्रमाणे जातीची वाटली, तरी प्रत्यक्षात ती दाटीच्या चाळींची, अपुऱ्या अन्नाची आणि आजारपणात कोणी पाणी देणारे नसण्याची आहे. वीस ते चाळीस या वयोगटात मृत्यू विशेष झाले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक राहिले. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडेच होती, हे कारण अभ्यासकांनी दिले आहे व ते पटण्याजोगे आहे.

उपचार आणि समाज :
वैद्यकाजवळ या रोगावर औषध नव्हते. रोगाचे कारण एक जिवाणू असल्याची तेव्हाची समजूत होती; मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू 1933 मध्ये वेगळा करण्यात आला. लष्करी सेवेसाठी अनेक डॉक्टर परदेशी गेले होते. सरकारी सूचना उघड्या हवेत झोपावे, गर्दी टाळावी, गुळण्या कराव्यात अशा स्वरूपाच्या होत्या. एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या कुटुंबाला गर्दी टाळण्याचा उपदेश कितपत उपयोगी पडला असेल, याची कल्पना करता येते. 1897 ची सक्ती या वेळी दिसली नाही. पण हा संयम म्हणजे लोकमताविषयीचा आदर असे मानणे भाबडेपणाचे होईल. सक्ती सोडताना तिच्या जागी रुग्णालये, दूध वा परिचारिका आल्या नाहीत. हात आखडून घेणे सरकारला कमी खर्चाचे होते. वृत्तपत्रांनी नेमकी याच उदासीनतेवर टीका केली. प्लेगच्या काळात सरकार घरात शिरल्याची तक्रार होती. आता ते दाराशीही येत नाही, अशी झाली.

ही पोकळी स्वयंसेवी संस्थांनी भरून काढली. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग तसेच विविध जातीय व धार्मिक संघटना यांनी औषधे, दूध व घोंगड्या वाटल्या आणि चाळींतून स्वयंसेवक फिरविले. प्लेगच्या काळातील जमातवार रुग्णालयांचा अनुभव येथे कामी आला. मात्र ज्यांची संघटनाच नव्हती, त्यांच्यापर्यंत ही मदत कमी पोहोचली. विसंगती अशी की, 1912 च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने नोंदणीचा मान पाश्चात्य वैद्यक शिकलेल्यांपुरता ठेवला होता, आणि खेड्यातील रुग्णाला मात्र वैद्य-हकीमांशिवाय दुसरा आधार नव्हता. अशा वैद्यांच्या नोंदणीची तरतूद मुंबई प्रांतात पुढे 1938 च्या कायद्याने झाली.

साथ ओसरली त्याच सुमारास, 1919 च्या सुधारणा कायद्याने सार्वजनिक आरोग्य हे ‘सोपीव’ खाते ठरले व भारतीय मंत्र्यांकडे आले. अर्थखाते मात्र राखीव राहिले.