वीज केबलच्या खोदकामात घराचे नुकसान : भरपाई कोणाकडे मागायची?

भूमिगत वीज केबल टाकताना भिंतीला तडा जातो, ओटा फुटतो, नळाची लाइन तुटते. कंपनी म्हणते, "ठेकेदाराला विचारा." तोवर ठेकेदाराची माणसे पुढच्या गल्लीत गेलेली असतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ६७(३) नुसार परवानाधारक कंपनीने कमीत कमी नुकसान होईल असे काम करायचे. तिच्यामुळे किंवा तिने कामाला लावलेल्या कोणामुळेही नुकसान झाले, तर पूर्ण भरपाई द्यायची. म्हणजे ठेकेदाराकडे बोट दाखवून कंपनी सुटत नाही. भरपाईच्या रकमेवर वाद झाल्यास कलम ६७(४) प्रमाणे आयोग निर्णय देतो. आपल्या राज्यात तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

- खड्डा बुजण्याआधी फोटो काढावेत, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी नोंद करावी.
- गवंड्याकडून दुरुस्तीचा खर्च लिहून घ्यावा.
- कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.
- खोदाईची परवानगी व तिच्या अटी माहिती अधिकारात पालिकेकडे मागाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवस.

"जागा नावावर नाही" म्हणून अनेक कुटुंबे गप्प बसतात. भरपाईच्या या कलमात सातबाऱ्याची अट लिहिलेली नाही. एकट्याचा अर्ज पडून राहतो. म्हणून विहार समितीने सर्व घरांची यादी एकत्र द्यावी, असे आम्ही सुचवतो.