खेळाडूने स्वतःलाच घातलेली वेसण

१/
कोथरूडमधील आमच्या जुन्या सोसायटीत एका मित्राच्या संगणकावर ‘क्रिकेट ०७’ होता. शाळेच्या सुट्ट्या त्यातच सरल्या. हळूहळू संगणकाचे गोलंदाज आम्हांला पाठ झाले, विजय ठरलेलाच असे, आणि खेळ नीरस झाला. तेव्हा आम्ही स्वतःवरच नियम लादले. आजचा थ्रेड त्या नियमांच्या पूर्वजांविषयी. 🧵

२/
ईए स्पोर्ट्सने हा खेळ २००६च्या अखेरीस बाजारात आणला. निर्मिती कॅनडातील एचबी स्टुडिओजची. या क्रिकेट-मालिकेचा पुढचा भाग आलाच नाही. त्यामुळे आमच्यासारखी मुले कित्येक वर्षांनंतरही तोच खेळत होती. खेळ होता तेथेच राहिला, खेळणारे मात्र तरबेज झाले. निर्मात्याने अवघडपणा वाढवला नाही, म्हणून तो खेळाडूंनी वाढवला.

३/
आमची कलमे अशी: पहिली दहा षटके उंच फटका वर्ज्य. भारत किंवा ऑस्ट्रेलिया घ्यायचा नाही. झिम्बाब्वे घेऊन जिंकून दाखवायचे. मोक्याचा फलंदाज बाद झाला म्हणून सामना सोडून नव्याने सुरू करायचा नाही. संगणकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. पंच आम्हीच, आरोपीही आम्हीच.

४/
ही प्रवृत्ती संगणकासोबत आलेली नाही. विटीदांडूचा ‘वकट-लेंड’ हा प्रकार पाहा. विटी किती दूर गेली ते दांड्याने मोजायचे: वकट, लेंड, मूंड, नाल… मोजणी ज्या शब्दावर थांबेल, त्यानुसार विटी पायावर, मुठीवर, अगदी डोळ्यावरही ठेवून पुढचा टोला मारायचा. साधा टोला जमू लागला, की खेळच नवी अडचण पुढे करतो.

५/
जाता जाता एक गंमत. तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आता ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ पुन्हा म्हणून पाहा. दोन भाषांच्या शेजाराची खूण मुलांच्या खेळाने जपली आहे.

६/
याच विचाराचे सर्वांत देखणे रूप म्हणजे खो-खो. आजच्या खो-खोत नऊ जण पाठलाग करतात आणि एका तुकडीत बचावाला तिघे असतात. नऊही मोकळे धावले, तर तिघे क्षणात संपतील. म्हणून आठ जण बसतात, एकटाच धावतो. त्याने एकदा दिशा घेतली, की मागे वळायचे नाही. बसलेल्या दोघांमधून पलीकडे जायचे नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू खुल्या. बंधन बलवानावर, मोकळीक दुबळ्याला.

७/
खो-खोची नियमावली १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर तयार झाली. कोथरूडहून कर्वे रस्त्याने सरळ गेलो, की तेथेच पोहोचतो. तोवर गावोगाव तोंडी चालत आलेल्या खेळाला तेथे लेखी रूप मिळाले. लेखी झाला, म्हणून तो गल्लीतून स्पर्धेच्या मैदानावर जाऊ शकला.

८/
आमची कलमे कोणी लिहिली नाहीत. सोसायटी पुनर्विकासाला गेली, तो संगणक भंगारात गेला. मागच्या दिवाळीत जुने मित्र भेटले, तेव्हा उंच फटक्याची बंदी सहा षटकांची होती की दहा, यावरच वाद झाला. मी दहा म्हणतो; पुरावा नाही.

९/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच सांगतो: तुमच्या गल्लीचे, तुमच्या संगणकावरचे नियम आज लिहून ठेवा. खाली तारीख आणि ठिकाण घाला. सुरुवात प्रतिसादांतूनच होऊ द्या.