सायकलीचा बिल्ला

‘बिल्ला कुठाय?’ हा दरडावणीचा प्रश्न आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. तेव्हा सायकलवर नगरपालिकेचा कर असे. तो भरला की मिळणारा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावायचा.

या कराचं मूळ १९०१च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात सापडतं. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. कायदा मात्र दोन्हीकडे तोच. १९६५च्या नव्या कायद्यातही बिनमोटारीच्या वाहनांवर कर घ्यायची मुभा राहिली.

तिकडे बेल्जियमने १९९७ साली कामावर सायकलने येणाऱ्याला किलोमीटरमागे करमुक्त भत्ता सुरू केला. ब्रिटनने १९९९ साली पगारातून करकपातीआधी सायकल घ्यायची सोय दिली. आपल्याकडे २०१९च्या बजेटने सवलत दिली ती विजेच्या गाडीला: कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत वजावट. सायकलवर मात्र १२ टक्के जीएसटी होता. तो सप्टेंबर २०२५मध्ये ५ टक्क्यांवर आला.

मला यात एक मेख दिसते. हँडलला डबा अडकवून जळगावच्या डाळमिलकडे निघालेला कामगार इन्कम टॅक्सच भरत नाही. त्याला वजावट काय कामाची? सायकल घेताना जीएसटी मात्र तो भरतोच. त्याच्यापर्यंत सवलत पोचवायची, तर ती मजुरीच्या पाकिटातच पडायला हवी. बिल्ल्याचे पैसे वसूल करायला सरकार त्याच्या हँडलपर्यंत पोचलं होतंच की!