तळटीप : ऊद

येथे आलेला ऊद म्हणजे अगरू नव्हे, तर स्टायरॅक्स वंशातील झाडांचा सुगंधी निर्यास, म्हणजेच खोडातून पाझरून घट्ट झालेला रस होय. शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ नुसता ‘लाकूड’ असा आहे. सुगंधाच्या व्यापारात तो बुरशीच्या संसर्गाने राळ साठून जड व काळसर झालेल्या अगरूच्या लाकडासाठी रूढ झाला, परंतु मराठीत मात्र लाकूड सोडून तो या निर्यासाला चिकटला, म्हणून अरबी ग्रंथांतील ऊद आणि धुपाटण्यातील ऊद एक मानू नयेत. याचेच दुसरे नाव लोबान. अरबी ‘लुबान’ हा मुळात ओमान, येमेन व सोमालियातील, म्हणजे महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरांवरील साळईच्या जातभाई झाडांचा निर्यास. सुमात्रातून येणाऱ्या वेगळ्याच झाडाच्या निर्यासाला अरब व्यापारी ‘लुबान जावी’ म्हणू लागले, कारण त्या काळी ‘जावा’ या नावात सुमात्राही येई, आणि त्याच नावाचा अपभ्रंश युरोपीय भाषांत ‘बेंझॉइन’ होऊन पुढे बेंझोइक आम्लाच्या नावापर्यंत पोहोचला. सालीला खाचा पाडल्या की झाड जखमेवर हा स्राव सोडते. तो वाळून खड्यांसारखा होण्यास काही महिने लागतात. ‘उदबत्ती’ या शब्दात ऊद टिकून आहे, मात्र बत्तीचे मिश्रण काडीला धरून ठेवणारी चिकट भुकटी परंपरेने मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीची असते.